उपवासाची रायफल

सेफ्टी पिन आणि काउबॉयची रायफल यांचा बाप एकच. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट नावाचा एक खटपट्या माणूस होता. त्यानं १८४९ च्या एप्रिलमध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एकदा भरली की गोळीमागून गोळी झाडणाऱ्या बंदुकीचं. पिनचे हक्क त्यानं चारशे डॉलरला विकून टाकले. बंदुकीचं यंत्र इतकं नाजूक निघालं की ते पुढे दुसऱ्यांनाच निस्तरावं लागलं. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या जोडीनं १८५४ मध्ये त्यावर आपला हात फिरवला आणि तो धंदा डगमगल्यावर ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या पदरात पडला. विंचेस्टर यांचा मूळ व्यवसाय पुरुषांचे शर्ट शिवण्याचा. १८४८ मधलं त्यांचं पेटंटसुद्धा शर्टाचं, गळ्यापाशी ओढ बसू नये म्हणून कापड कसं बेतावं याचं. त्यांच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीनं १८६० मध्ये या सगळ्या खटाटोपातून अखेर धड चालणारी रायफल काढली. अमेरिकन मर्दानगीची खूण म्हणून जी बंदूक भिंतीवर टांगतात, तिच्या वंशावळीत अशी एक टाचणी आहे आणि एक कॉलर आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण या बंदुकीवरून आज तिकडे जे भांडण चाललं आहे ते कपड्यांचंच आहे.

यंत्र साधं आहे. चापाभोवतीचं कडं हीच तरफ, म्हणजे लिव्हर. ती बोटांनी खाली ढकलली की बोल्ट मागे सरकतो, झाडलेली पुंगळी टपकन बाहेर उडते, जाता जाता घोडाही चढतो. नळीच्या पोटाखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक उभी. त्यातलं एक मागे येऊन छोट्या पाळण्यात बसतं आणि पाळणा त्याला घेऊन वर येतो. तरफ परत मिटली की बोल्ट त्याला नळीत सारतो. खट आणि खटाक, एवढ्या दोन आवाजांत सगळा कारभार. गेली दीडशेहून अधिक वर्षं हे असंच चाललं आहे आणि यावर कुणाचाच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या यंत्राच्या बाहेर काय असावं याबद्दल. एका पंथाच्या मते दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा हवा, पोलाद निळसर काळं हवं, जमल्यास मधला भाग पितळी हवा, आणि बाकी काही नको. त्यांना आपण अक्रोडपंथी म्हणू. दुसऱ्या पंथाला दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा हवा, नळीच्या टोकाला सायलेन्सर बसवायला आटे हवेत, पुढच्या मुठीला सामान अडकवायच्या खाचा हव्यात, वरून दातेरी पट्टी हवी आणि तरफेला पॅराशूटची दोरी गुंडाळलेली हवी. हे रेलपंथी. पहिले दुसऱ्यांना धर्मबुडवे म्हणतात, दुसरे पहिल्यांना आजोबा. माझं म्हणणं इतकंच की दोघेही एकाच शिंप्याचे गिऱ्हाईक आहेत.

आधी अक्रोडपंथीयांची परंपरा पाहू, कारण 'हे पूर्वीपासून असंच आहे' असा त्यांचा मुख्य मुद्दा असतो. पूर्वी म्हणजे केव्हा? हेन्रीच्या १८६० च्या रायफलीला पुढच्या बाजूला लाकूडच नव्हतं. नळी तापली की हात भाजायचा. शिवाय काडतुसं पुढच्या टोकाकडून भरावी लागत. १८६६ मध्ये नेल्सन किंग यांनी बाजूला एक झडप काढून तिथून काडतुसं आत सारायची सोय केली, आणि पुढे लाकडी मूठ आली. आज जिला परंपरेचं हृदय म्हणतात ती झडप आणि जिला परंपरेचा हात म्हणतात ती मूठ, दोन्ही त्या काळच्या 'सुधारित आवृत्ती'तल्या. मग १८७३ चं मॉडेल आलं. मग जॉन ब्राउनिंग नावाच्या असामान्य कारागिरानं १८८६, १८९२ आणि १८९४ ची मॉडेलं घडवली, आणि शेवटच्यानं बिनधुराच्या दारूचा जमाना शिकाऱ्याच्या हातात आणून ठेवला. यातली प्रत्येक बंदूक विकत घेणारा माणूस दुकानात शिरताना 'सगळ्यात नवं काय आलंय?' असंच विचारत होता. 'जुन्या वळणाची काही आहे का?' असं विचारणारा तेव्हा ठासणीची बंदूक घेऊन घरी गेला असता.

पण परंपरेला एक तारीख लागतेच, म्हणून या पंथानं ती ठरवली आहे: १९६४. त्या वर्षी विंचेस्टर कंपनीनं खर्च वाचवायला घडाईचे काही सुटे भाग ठोकून काढलेल्या पत्र्याचे केले, आणि तेव्हापासून या मंडळींनी काळाचे दोन भाग पाडले. जग ख्रिस्तपूर्व आणि ख्रिस्तोत्तर मोजतं, हे चौसष्टपूर्व आणि चौसष्टोत्तर मोजतात. चौसष्टपूर्व बंदुकीला जास्त किंमत पडते, ती हातात देताना आवाजही खाली जातो. पुढे १९९२ मध्ये त्याच मॉडेलला सुरक्षेसाठी एक छोटं आडवं बटण आलं. हरभऱ्याएवढं असेल. त्यावर जो संताप झाला तेवढा या लोकांनी प्लॅस्टिकच्या दस्त्यावरही केला नसेल. ते बटण वकिलांनी बसवलं असं ते म्हणतात, आणि 'वकील' हा शब्द असा उच्चारतात की ती एखादी बुरशी असावी.

आणि आता ती मोठी कडी. बाजारातल्या कित्येक 'पारंपरिक' लिव्हर रायफलींना तरफेचं कडं ऐसपैस, चांगला पंजा आत जाईल एवढं, देता येतं. ते पाहिलं की बघणाऱ्याला घोडे, धूळ, सूर्यास्त वगैरे दिसू लागतं. खऱ्या काउबॉयच्या बंदुकीला मात्र असं कडं सहसा नव्हतं. ते आलं सिनेमातून. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन फोर्ड यांनी जॉन वेनला वाळवंटात रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि त्यानं एका हातानं रायफल गर्रकन फिरवून तरफ मारली. तशी ती फिरावी म्हणूनच कडं मोठं. गोष्ट १८८० च्या आसपासची, बंदूक १८९२ च्या मॉडेलची. म्हणजे नायकाच्या हातात जी बंदूक होती ती जन्माला यायला अजून दहा-बारा वर्षं होती. पुढे १९५८ पासून टीव्हीवर 'द रायफलमन' ही मालिका पाच वर्षं चालली. तिच्यातही मोठं कडं, तिच्यातही तेच अकाली जन्मलेलं मॉडेल, आणि त्या कड्यात वर एक स्क्रू असा बसवलेला की तरफ मिटली की चाप आपोआप दाबला जावा. पाहणाऱ्या पोरांना वाटलं, नायकाची बोटं काय विजेची आहेत! ती पोरं मोठी झाली, त्यांच्या खिशात पैसे आले, आणि कारखान्यांनी त्यांना त्यांचं बालपण 'वारसा' म्हणून विकलं. रेलपंथीयांनी यावर हसू नये. २०१५ च्या 'जुरासिक वर्ल्ड'मध्ये ख्रिस प्रॅटच्या हातात मार्लिन कंपनीची चकचकीत स्टीलची मोठ्या कड्याची रायफल दिसली, २०१७ च्या 'विंड रिव्हर'मध्ये जेरेमी रेनरनं तिलाच सायलेन्सर लावून बर्फात फिरवली. तेव्हा अक्रोडवाल्यांचं दैवत जॉन वेन आणि रेलवाल्यांचं ख्रिस प्रॅट, एवढाच फरक. मूर्ती वेगळ्या, देऊळ तेच, आणि ते हॉलिवूडमध्ये.

अक्रोडपंथीयांचं वार्षिक संमेलन पाहायचं असेल तर त्यांची एक संस्थाच आहे, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, स्थापना १९८७. तिथं नेमबाजी जुन्या बंदुकींनी होते, पण आधी प्रत्येक सभासदाला जुन्या पश्चिमेला शोभेल असं टोपणनाव घ्यावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. पोशाखही त्याच काळाचा. पुरुषांनी आखूड बाह्यांचा शर्ट घालायचा नाही, बेसबॉलची टोपी नाही, खेळाचे बूट नाहीत. अशा पोशाखात, वाकड्या काठाची हॅट सावरत जो कोणी १८७३ चं मॉडेल उचलतो, त्याच्या बंदुकीवर इटलीतल्या उबेर्ती कारखान्याचं नाव असण्याची शक्यता दांडगी. आजच्या विंचेस्टर नावाच्या लिव्हर रायफली जपानात मिरोकू बनवतं. न्यू हेवनचा मूळ कारखाना २००६ मध्ये बंदच झाला. अमेरिकन परंपरेची पताका अशी कुणाकुणाच्या खांद्यावर आहे, यात वाईट काही नाही. आपल्याकडच्या लग्नात तरी फेटा कुठं बांधतात? बांधलेला आणून डोक्यावर ठेवतात. खरी गंमत बंदुकीच्या पोटात आहे. स्पर्धेत सेकंदाच्या भागांवर निकाल लागतो, म्हणून यातल्या कित्येकांनी आतले दुवे बदलून तरफेची धाव कमी केलेली असते. थोडं ढकललं की काम झालं. १८७३ मध्ये हे कुठल्याही रँचवर नव्हतं. बाहेरून नऊवारी, आतून चेन लावलेली, पाच मिनिटांत नेसून होणारी.

आता काळ्या बाजूकडे. 'टॅक्टिकल' या शब्दाचा शब्दशः अर्थ डावपेचांचा. पण बाजारात त्याचं काम आपल्याकडच्या 'शाही' या शब्दासारखं आहे. कशालाही लावा, किंमत चढते. टॅक्टिकल पेन मिळतं, टॅक्टिकल विजार मिळते, तान्ह्या बाळाला छातीशी बांधायची टॅक्टिकल झोळीही मिळते. बाळ कोणते डावपेच लढवणार आहे ते बाळालाच माहीत. वरची दातेरी पट्टी मात्र खरोखर लष्करातून आली: न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावानं, १९९५ मध्ये ठरलेलं एक मोजमाप, म्हणजे कोणाचीही दुर्बीण कोणाच्याही बंदुकीवर बसावी. लिव्हर रायफलीवर ही पट्टी आधीही अधूनमधून दिसत होती, पण खरा धमाका उडवला तो २०१२ च्या सुमारास मॉसबर्ग कंपनीनं. थर्टी-थर्टी काडतुसाची सालस शिकारी बंदूक घ्यायची, तिचा दस्ता काढून मागेपुढे सरकणारा सैनिकी दस्ता लावायचा, पुढे तिन्ही बाजूंना पट्ट्या ठोकायच्या. मधोमध तरफ तशीच. खंडोबाच्या वाघ्याला हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट घातल्यासारखं दिसत होतं. लोक पोट धरून हसले, आणि मग दहा वर्षांत तेच हळूहळू विकत घेऊ लागले. हेन्री कंपनीची एक्स मालिका आली, मार्लिनची डार्क मालिका आली. २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसननं तर शतकाहून अधिक काळानं पुन्हा लिव्हरकडे वळून रायफल काढली, काळा सिंथेटिक दस्ता, पुढे खाचा, सगळं अद्ययावत, आणि नाव ठेवलं १८५४. कपडे नातवाचे, जन्मतारीख पणजोबांची. तरफ, बोल्ट, पाळणा मात्र जुन्या घराण्यातलेच. म्हणजे हिशेब असा झाला की जुनी दिसणारी बंदूक आतून नवी आणि नवी दिसणारी आतून जुनी. दोघांनी एकमेकांचे कपडे बदलून घेतले तर एक अस्सल जुनी आणि एक बऱ्यापैकी नवी बंदूक हाती लागेल. पण मग भांडणार कोण?

यावर पहिला आक्षेप असा येतो की काळ्या वेशाला कारण आहे, आणि ते कायद्याचं आहे. हे खरं आहे, आणि मजेदारही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय अशा काही राज्यांत लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आहे. न्यू यॉर्कनं २०१३ मध्ये ती आणखी आवळली. काढता-घालता येणारं मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला सरकता दस्ता, नळीला आटे, वेगळी मूठ यांतलं एक जरी असलं तरी ती निषिद्ध. लिव्हर रायफल अर्धस्वयंचलित नाही, प्रत्येक गोळीला हात हलवावा लागतो, म्हणून ही यादी तिला लागूच होत नाही. मग काय, यादीतलं सगळं तिला लावा! ज्यांनी पुण्यात उपवासाची मिसळ खाल्ली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. साबुदाणा चालतो, शेंगदाणा चालतो, बटाट्याचा चिवडा चालतो, आमटी दाण्याची. एकेक जिन्नस शास्त्राला धरून आहे, आणि वाटीत शेवटी मिसळच असते. शास्त्र जिन्नस तपासतं, जिभेचा हेतू तपासत नाही. टॅक्टिकल लिव्हर ही कायद्याच्या एकादशीला केलेली मिसळ आहे. त्यामुळे तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. फक्त तिनं मिसळीसारखं चमचमीत असल्याचा आव आणला की जरा हसू येतं.

दुसरा आक्षेप उपयोगाचा, आणि इथं मी रेलपंथीयांना दोन पावलं वाट देतो. जुन्या बंदुकीवर नेम धरायचा तो मागच्या खाचेतून पुढचा मणी पाहून. पन्नाशी उलटली की खाच धूसर होते, मणी धूसर होतो, आणि हरीण तेवढं स्पष्ट दिसतं, तेही पळताना. वर पट्टी असली की दुर्बीण बसते. या अर्थानं पट्टी म्हणजे बंदुकीचा चष्मा. मार्लिननं १८८९ मध्येच पुंगळी वरून न उडवता बाजूनं उडवायला सुरुवात केली होती, त्यामुळे तिच्या डोक्यावर दुर्बीण सुखानं बसते. जुन्या विंचेस्टरवर बसवली तर पुंगळी थेट तिच्यावर. सायलेन्सरचंही तेच. कान सगळ्यांना दोनच असतात. मोठं कडंसुद्धा हिवाळ्यात हातमोजे घालून शिकार करणाऱ्याला खरंच सोयीचं. तेव्हा कसोटी लावायची असेल तर मी एकच लावीन: जोडलेली वस्तू त्या खट-खटाकला मदत करते का, की त्याच्यापासून लक्ष दुसरीकडे वळवते? चष्मा मदत करतो. तिन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर तीन विजेऱ्या लावल्या तर बंदूक उचलायला एक आणि तरफ मारायला एक, असे दोन हात कमी पडतील. आणि जमिनीवर पालथं पडून सैनिकी पवित्र्यात ती झाडायला जावं तर तरफ उघडताना मातीत रुतते. डावपेच तिथंच संपतात.

पण अक्रोडपंथी याहून वरचा सूर लावतात. ते म्हणतात, ही शिकाऱ्याची, गुराख्याची बंदूक. तिला सैनिकी सोंग देणं म्हणजे तिच्या स्वभावाशी गद्दारी. इतिहासाला हे मान्य नाही. १८७७ मध्ये प्लेव्हनाला तुर्की सैनिकांनी रशियनांची लाट अडवली ती दुरून पीबॉडी-मार्टिनी रायफलींनी आणि जवळून विंचेस्टरनी. रशियनांनी हा धडा फारच मनावर घेतला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सुमारे तीन लाख विंचेस्टर १८९५ रायफली मागवल्या, आपल्या काडतुसाच्या, आणि पुढे संगिनीची सोय असलेल्या. संगीन लावलेली लिव्हर रायफल! मॉसबर्गवर हसणाऱ्यांनी एकदा तिचं चित्र पाहावं. आणि जी पश्चिम जिंकल्याचं विंचेस्टरच्या जाहिरातीत मिरवलं जातं, त्या पश्चिमेतल्या सर्वांत गाजलेल्या लढाईत, जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला, अमेरिकन घोडदळातल्या कस्टरच्या सैनिकांकडे एकावेळी एकच गोळी भरायच्या कार्बाइन होत्या. हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, पुढच्या वर्षी उत्खनन झालं, आणि कोण कुठून काय झाडत होतं हे पुंगळ्यांवरून कळलं. पश्चिम जिंकणारी बंदूक त्या दुपारी पश्चिम ज्यांची होती त्यांच्या हातात होती.

त्या काळातल्या मूळनिवासी योद्ध्यांच्या ज्या रायफली संग्रहालयांतून दिसतात, त्या नीट पाहाव्यात. अक्रोडाचा दस्ता पितळी टाचण्यांच्या रांगांनी मढवलेला असतो, कधी चौकट, कधी नुसत्या समांतर ओळी. दस्ता तडकला तर त्यावर ओलं कातडं आवळून शिवलेलं, वाळल्यावर ते लोखंडी पट्ट्यासारखं घट्ट होतं. आता तरफेला गुंडाळलेल्या पॅराशूटच्या दोरीकडे आणि खाचा-पट्ट्यांच्या रांगांकडे पुन्हा बघा. सर्वांत जुनी, सर्वांत अस्सल, ज्यांनी ती बंदूक जीव वाचवायला वापरली त्यांची परंपरा म्हणजे कारखान्याचं रूप बदलून टाकण्याची परंपरा. अक्रोडाला हात न लावण्याची परंपरा नंतरची, काचेच्या कपाटाची.

राहिला सौंदर्याचा मुद्दा. तो मी बिनशर्त मान्य करतो. तेल पाजलेलं अक्रोड काळ्या प्लॅस्टिकहून सुंदर असतं. त्यावर वाद घालणाऱ्यानं एकदा पाटावर आणि एकदा फायबरच्या खुर्चीवर बसून पाहावं. मात्र सुंदर आहे म्हणून ती जुनी, आणि जुनी म्हणून ती खरी, ही साखळी ओढायला गेलं की मधली कडी निसटते. कोणी म्हणेल, माणसं मारणाऱ्या वस्तूच्या कपड्यांवर इतका विनोद कशाला? बंदुकीवर विनोद होत नाही हे मलाही ठाऊक आहे. बंदुकीसमोर उभ्या केलेल्या आरशावर होतो. त्या आरशात एकाला गुराखी दिसतो, दुसऱ्याला कमांडो, आणि दोघांपैकी पुष्कळांची बंदूक वर्षातून दोनदा डब्यांवर आणि एकदा हरणावर चालते, तीही हरीण जवळ आलं तर.

वॉल्टर हंटची पिन मात्र १८४९ मध्ये होती जवळजवळ तशीच आहे. एक तार, एक वेटोळं, एक टोपी. मराठी घरांत ती बांगडीला अडकवलेली असते, मंगळसूत्रात चार-पाच लटकलेल्या असतात, आणि लग्नाच्या हॉलमध्ये कुणाची निरी सुटली की कुणाच्या तरी मनगटावरून निघून कामाला लागते. तिला अजून कुणी दातेरी पट्टी लावलेली नाही, अक्रोडाची मूठही नाही.